डबा क्रमांक एकवीस

पडद्यावर डब्याचा फोटो आला आणि बिट्टीच्या आईने तो झाकणावरून ओळखला. झाकणावरच्या सशाचा एक कान बिट्टीनेच नखाने खरवडून काढला होता. आत क्रीमची चार बिस्किटं, मूठभर वेफर्स आणि एक चॉकलेट. बस.

शाळेच्या सभागृहात पन्नासेक पालक मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. पुढे लेझरचा लाल ठिपका नाचवत बोलत होती ती तिची सख्खी धाकटी नणंद. लहान मुलं शाळेत काय खातात, किती टाकतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं. महिनाभर ती वर्गावर्गांतून डब्यांचे फोटो काढत, उरलेलं काट्यावर तोलत फिरली होती. संमतीच्या कागदावर सही तिने घरी येऊनच घेतली होती. "वहिनी, तूच नाही म्हणालीस तर बाहेरचे कशाला हो म्हणतील?"

"डबा क्रमांक एकवीस," नणंद म्हणाली. "आई शिकलेली, चांगली नोकरी करणारी. तरी हे! दोष परिस्थितीचा नसतो हो, आईच्या आळसाचा असतो."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. "काय एकेक आया असतात!" शेजारची बाई तिच्याच कानाशी पुटपुटली. बिट्टीच्या आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने राग गिळून पाहिला. तो गिळला जाईना. ती उठली.

"मॅडम." घरात अगंतुगं, इथे मॅडम. लाल ठिपका पडद्यावरून सटकून छतावर गेला. "एकवीस नंबर माझ्या मुलीचा."

"प्रश्न शेवटी घेऊ या."

"प्रश्न नाहीये, उत्तर आहे. फोटो बुधवारी काढलात ना? मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक साताच्या आत रांग लावतात, म्हणून माझ्या सकाळच्या पाळीच्या दिवशी, बुधवारी, मी सहाला घर सोडते. बुधवारचा डबा बाप भरतो. म्हणजे तुमचा भाऊ. तुमच्या फॉर्मात आईचं शिक्षण आहे, आईची नोकरी आहे, आई किती वाजता उठते तेही आहे. बापाचा रकाना कुठाय?"

आता हसणं पुढच्या रांगेतून आलं. नणंदेचा चेहरा लालबुंद झाला.

"वहिनी, घरचं भांडण इथे नको."

"डबा चव्हाट्यावर मी मांडला? शंका आली तर आम्ही रक्त पुन्हा घेतो, एका नमुन्यावर कुणाला आजारी ठरवत नाही. तू एका बुधवारावरून मला आळशी ठरवलंस!"

ती सरळ टेबलापाशी गेली. संमती कधीही मागे घेता येईल असं त्या कागदावरच छापलेलं होतं. "दे माझा कागद." नणंदेने तो काढून हातात न देता टेबलावर आपटला. मागे वळून पाहिलं तर आणखी चार आया रांगेत उभ्या होत्या.

घरी नवरा तोंड फुगवून बसला होता. बहिणीचा फोन आधीच येऊन गेला होता.

"सगळ्यांसमोर माझी अब्रू काढलीस."

"आणि तुझ्या बहिणीने आधी माझी काढली ती? बिस्किटं मी भरली होती?"

"बिट्टीला आवडतात."

"मग तेच जाऊन सांग बहिणीला."

तो गेला नाही. सासूचा फोन मात्र रोज येऊ लागला. "माझ्या लेकीचं नाक कापलंस," एवढंच बोलून त्या फोन ठेवायच्या.

आठवडाभरात अकरा आयांनी संमती मागे घेतली. नणंदेच्या वरिष्ठांनी तिला दुसऱ्या शाळेत पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. तिचं वर्ष वाया गेलं. काही दिवसांनी नवरा जेवताना म्हणाला, "नव्या फॉर्मात 'डबा कोण भरतं?' असं विचारलंय म्हणे. झालं समाधान?"

"माफी मागितली तिने?"

"ती का मागेल?"

"मग तिला सांग, या घराची पायरी चढायची नाही."

"आणि बुधवारचा डबाही तूच भर यापुढे," तो ताटावरून उठला. "मला नाही जमत तुमच्यासारखं."

बुधवारी ती पाचला उठली. अंडं उकडलं, काकडी कापली, सफरचंदाच्या फोडी केल्या. संध्याकाळी डबा उघडला तर अंडं आणि काकडी जशीच्या तशी. दोन फोडी तेवढ्या संपल्या होत्या.

"बाबाचा डबा छान असतो," बिट्टी म्हणाली.

आतल्या खोलीत नवरा हसला. तिने अंडं उचललं आणि उभ्या उभ्या स्वतःच खाऊन टाकलं.