खंडेनवमीला कुलपात बसलेला पंप

"आधी हात धू, मगच त्याला शिव," असं सोनियासिस्टर माझ्याकडे बोट दाखवून प्रत्येक नव्या नर्सला बजावत. त्यांची बदली होऊन बराच काळ लोटला, तरी तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मित्रांनो, मी एक जुना सिरिंज पंप आहे. सांगलीत विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात राहतो. सिरिंज भरून दिली की औषध घाई न करता, सांगितलं तेवढंच रोग्याच्या शिरेत सोडायचं, हे माझं काम. नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक झालं. पुढे रंग उडाला, एक बटण दाबून दाबून आत गेलं. मी कोणत्या कोपऱ्यात पडलोय, हे कुणाला सांगता येईना. मग यंत्रांची देखभाल करणाऱ्या समीक्षाने माझ्या पाठीवर एक छोटा बिल्ला चिकटवला. तो वायरीशिवाय माझा ठावठिकाणा कळवतो आणि मी कुठे आहे ते तिच्या पडद्यावर दिसतं. म्हातारपणी कुणीतरी आपली चौकशी करतंय, याचं मला केवढं समाधान वाटलं!

यंदा खंडेनवमीला मी रिकामा होतो. पुरुषांच्या वॉर्डातल्या चंद्राबाई मावशींनी मला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. पूजेला लावलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत. म्हणून त्यांनी मला लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं. लोखंडातून माझ्या बिल्ल्याचा निरोप काही बाहेर जाईना.

त्याच दुपारी आटपाडीकडे मेंढरं राखणाऱ्या बयाबाईंचा नातू दवाखान्यात आला. दोन दिवसांचं बाळ, श्वास लागलेला. बाकीचे पंप कुणा ना कुणाच्या उशाशी लागलेले. पंप नसेल तर बाळाला मिरजेला हलवावं लागणार होतं, आणि ते हलवण्याजोगं नव्हतं. पडद्यावर मी सकाळी पुरुषांच्या वॉर्डात दिसत होतो, नंतर कुठेच नाही. समीक्षा धावत आली. मागोमाग बयाबाई.

"मावशी, तो जुना पंप कुठाय?"

"कपाटात हाय. पर आज पूजा झालीया त्याची. उद्या ने की गं."

"बाळ उद्यापर्यंत थांबायचं नाही, मावशी!"

बयाबाई पुढे आल्या. "आवं बाई, देव कोपला तर माज्यावर कोपू द्या. लेकराला तेवढं आवशीद सुटू द्या."

"लेकरापायी कसला कोपतोय त्यो!" चंद्राबाईंनी कमरेची किल्ली काढली. "आन् समीक्षा, बघत काय उभी ऱ्हायलीस? हळद पूस त्याची. न्हाईतर डॉक्टर म्हणतील, पंपाचं लगीन लावलं!"

मी बाळाच्या उशाशी लागलो आणि जिवाच्या कराराने चाललो. संध्याकाळी बाळाने मूठ आवळली. बयाबाई पदराआड रडल्या, मग हसल्या.

बाहेर समीक्षा हळूच म्हणाली, "मावशी, अजून काही मशीनं पडद्यावर दिसत नाहीत."

"दिसतील कशी? दुसरा वॉर्ड नेईल म्हून बायकांच्या वॉर्डातल्या बायांनी कपाटात घातल्यात. दसऱ्याला समदी भाईर काढते. नावं तेवढी इचारू नगंस."

मित्रांनो, तुमची माया मला कळते. पण आम्हाला कुलपात जपू नका. पुसून, चार्ज करून, हाताशी ठेवा.

दसऱ्याच्या सकाळी चंद्राबाईंनी पदरात आपट्याची पानं घेतली आणि सोनं वाटायचं निमित्त करून, कुणाला काही न सांगता, त्या बायकांच्या वॉर्डाकडे निघाल्या.