चार-चौऱ्याहत्तर

...आणि अंगठ्याखालचं बटण अजून गरम होतं, की अंगठाच गरम होता, कोण जाणे. हे त्याचं तिसरं स्टॉपवॉच, पण तिन्हींना खळगी एकाच जागी पडलेली, रबरी कडेवर, बरोबर त्याच्या अंगठ्याच्या मापाची. त्या खळगीच्या वर हिरवट काचेत आकडे थांबलेले होते. ४.७४ सेकंद. आल्सिड फॉन्टेनोनं ते एकदा वाचले आणि तळहात मिटून घेतला, पत्ते खेळताना वाईट पान आलेला माणूस मिटतो तसा... पण पान वाईट नव्हतं. उलट त्याला हवं होतं तेच आलं होतं. मग मिटला कशाला?

चाळीस यार्डांची पट्टी जिथे संपते त्याच्या पलीकडे, भिंतीला लावलेल्या गाद्यांपाशी, तो पोरगा एका पायावर दोन उड्या मारून खाली बसला होता, उजव्या मांडीची मागची बाजू दोन्ही हातांनी आवळून. लाझारियस पिकेट. अमेरिकन फुटबॉलमधला, मागच्या फळीतला बचावपटू, बावीस वर्षांचा, या मिसिसिपीतल्या आडगावच्या कॉलेजातला एकुलता एक, ज्याच्यासाठी एकवीस क्लबांचे खेळाडू हेरणारे एकवीस पारखी आज सकाळी इथवर गाडी हाकत आले होते.

"गेली मांडी," मागून कुणीतरी म्हणालं, सकाळच्या बिस्किटाचा घास तोंडात ठेवूनच.

म्हणजे दुसरी धाव होणार नव्हती. एरवी दोन असतात; पहिलीत चूक झाली तर दुसरीत दुरुस्त होते, पळणाऱ्याचीही आणि घड्याळवाल्याचीही. आता ही एकच. एप्रिलात क्लब एकेक करून पोरं उचलतील तेव्हा आल्सिडच्या क्लबच्या फळ्यावर पिकेटच्या नावाची पट्टी राहणार की निघणार हे आता याच आकड्यावर, कारण तिथला नियम सरळ होता — मागच्या फळीतला माणूस चार-पासष्टच्या वर गेला की पट्टी काढा. आणि आकडा आपल्याच माणसाच्या घड्याळाचा. दुसऱ्या कुणाचा चालत नाही.

बाकीचे वीस जण आता आपापल्या घड्याळावरून मान उचलत होते आणि नेहमीचं सुरू झालं होतं. खांद्याला खांदा लावायचा, ओठ न हलवता विचारायचं, तुला काय आलं? मला चार-अठ्ठावन्न. मला साठ. मग साठवाला पेन्सिलीनं साठाचे एकोणसाठ करणार, अठ्ठावन्नवालाही एकोणसाठ करणार, आणि संध्याकाळपर्यंत वीस कागदांवर एकच आकडा, जणू एकच माणूस उभा होता रेषेवर. मेंढरं. आल्सिडनं सव्वीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. हे काम शिकवणाऱ्या एमिल म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दुसऱ्याला विचारलंस त्या दिवशी तुझं घड्याळ मेलं म्हणून समज," आणि त्यानं तो नेम धरला तो धरला. घोळका जमला की तो चार पावलं बाजूला सरकतो. आजही सरकला.

आणखीही एक नेम होता, हे उपासाचे चाळीस दिवस. दर वर्षी ईस्टरपर्यंत तोंडातून शिवी काढायची नाही. आज चोविसावा दिवस, शुक्रवार, मांस वर्ज्य, म्हणून सकाळी टेबलावर सॉसेज घातलेली पावासारखी बिस्किटं होती त्यांनाही त्यानं हात लावला नव्हता. पोटाचं काही नाही, पोट गप्प बसतं. शिवीचं तसं नसतं. तोंडातून निघाली की हवेत विरते. नाही निघाली तर कुठे जाते? आत जाऊन बसते, आणि तिथे बसून वाट बघते... कुणाची? अंगठ्याची?

हा विचार त्याला आवडला नाही.

"मिस्टर आल्सिड, किती?" प्रुइट होता. क्लबच्या ऑफिसातून या वर्षीपासून त्याच्या मागे लावून दिलेला, अठ्ठावीस वर्षांचा, मांडीवर संगणक नसला की हात कुठे ठेवावेत ते न कळणारा.

"बघतोय."

"बघतोय म्हणजे? घड्याळ थांबलंय ना?"

"तू तुझ्या उड्याबिड्या भर आधी."

"भरल्या. सदतीस इंच. आज इतकी कुणाचीच नाही." प्रुइटनं पडद्यावर बोट फिरवलं. "एकच चौकोन राहिलाय. तिकडे सगळे अठ्ठावन्न-साठ म्हणतायत."

"तिकडे सगळे काय म्हणतात ते मी कधी लिहिलंय?"

"नाही, नाही. म्हणून तर ऑफिसात म्हणतात, आल्सिडचं घड्याळ..."

"काय म्हणतात?"

"खोटं बोलत नाही म्हणतात."

आधी थांबला होता प्रुइट. थांबला होता म्हणजे ऑफिसात दुसरंच काहीतरी म्हणत असणार. आणि हसत असणार — सकाळी हसला तसंच, नाकातून, कॉफीच्या पेल्याआड.

सकाळी. आठ वाजता, कॉलेजच्या त्या खिडकी नसलेल्या खोलीत, जिथे प्रत्येक क्लबला पंधरा मिनिटं मिळतात आणि त्या पंधरा मिनिटांत पोराला खरवडून बघायचं असतं. सगळेच खरवडतात. कुणी बापाच्या तुरुंगवासाबद्दल विचारतं, कुणी आईबद्दल. चिडतो का, गोंधळतो का, खाली बघतो का. आल्सिडनं कागद चाळल्यासारखं करून विचारलं होतं, "गेल्याच्या गेल्या वर्षी दोन सामने खेळला नाहीस. दुखापत दिसत नाही कुठे."

"नाही सर. बहिणीचं बाळंतपण होतं. अडलं होतं. घरात गाडी चालवणारा मीच."

"दोन सामने? बाळ तुझं होतं का?"

"नाही सर," पिकेट म्हणाला, अगदी सावकाश, मोठ्या माणसाशी बोलावं तसा, "ज्याचं होतं तो तेव्हा फुटबॉल खेळत होता."

आणि प्रुइट हसला होता. पिकेटनं लगेच मान खाली घातली होती, सॉरी सर म्हणाला होता, पण ते हसू खोलीत राहिलं, पंधरा मिनिटं, नंतरही. आल्सिडनं स्वभावाच्या रकान्यात लिहिलं होतं, जीभ लांब.

ज्याचं होतं तो... त्या पोराला काय माहीत. त्याला माहीत असायचं काही कारणच नव्हतं की चोवीस वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आल्सिड टेक्सासमध्ये लबक गावात होता, पुढच्या फळीतल्या कुणा एका जाड्या खेळाडूची धाव मोजायला, ज्याचं नावसुद्धा आता आठवत नाही, आणि संध्याकाळी मोटेलच्या काउंटरवर चिठ्ठी होती, काउंटरवाल्याच्या गिचमिड अक्षरात: मुलगी. सात पौंड. त्यानं ते सात पाठ केले होते. आकडे त्याला पाठ होतात. तिसऱ्या दिवशी घरी पोचला तेव्हा बायको, मार्लीन, काही बोलली नाही. अजूनही बोललेली नाही. त्या खोलीत त्या पोरानं एका वाक्यात ते बोलून टाकलं, न जाणता, आणि एका मूर्खाला त्यावर हसू आलं.

तर मग राग कुणाचा धरायचा? प्रुइटचा धरला असता तरी चाललं असतं. पण प्रुइट काही चाळीस यार्ड पळणार नव्हता.

अंगठा.

नाही, तिथे जायला नको... पण तो तिथेच होता, मघापासून तिथेच होता, धाव सुटण्याआधीच्या त्या दीड सेकंदात. पिकेट रेषेवर वाकलेला, उजवा हात जमिनीला, डावा मागे कमरेजवळ, सगळं शरीर ताणून थांबलेलं, आणि आल्सिड चाळीस यार्डांवरून, शेवटच्या रेषेवरून, त्या जमिनीवरच्या हाताकडे बघत होता — नाही. तसं बघायचं असतं, तो हात जमिनीवरून सुटला की बटण दाबायचं. तो बघत नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. सकाळी बोललेल्या तोंडाकडे. आणि त्या डाव्या हाताची बोटं एकदा उघडून मिटली, कुणाचीही मिटतात, घाम असतो, भीती असते, त्याला हालचाल धरत नाहीत, नवशिके धरतात, मी किती नवशिक्यांना त्यावरून झापलंय... आणि माझा अंगठा खाली गेला. मग पोरगा सुटला. मधे जागा होती. एक श्वास मावेल इतकी नाही, पण आकडा मावेल इतकी होती. दाबतानाच कुणीतरी आत म्हणालं होतं, लवकर. स्पष्ट म्हणालं होतं. आणि दुसरं कुणीतरी, त्याच्याच शेजारी बसलेलं, म्हणालं होतं, असू दे.

हात म्हातारा झाला असेल तर मे महिन्यात तसंही घरी पाठवतील. ड्राफ्ट, म्हणजे ती एप्रिलातली उचलाउचल, संपला की म्हाताऱ्या पारख्यांना घरी पाठवायची रीतच आहे. तसं असेल तर बरं. हात म्हातारा झालेला नसेल तर?

"अहो साहेब. तुम्हीच ना ते?"

बाकांवरून एक बाई उतरून आली होती, कडेवर दोनेक वर्षांची मुलगी, तिच्या वेण्यांना पिवळे मणी. घरच्यांना आजच्या दिवशी आत सोडतात. त्यांनी बाकांवर बसावं, पट्टीजवळ येऊ नये अशी अपेक्षा असते. ही आली होती.

"कोण ते?"

"बाळ तुझं होतं का विचारणारे. पांढरी मिशी, जांभळी टोपी. लाझनं सांगितलं मला." तिनं मुलगी दुसऱ्या कडेवर घेतली. "मी त्याची बहीण, शॅरॉन्डा. आणि हे ते बाळ. बघून घ्या नीट. हवं तर वजन करा, उंची मोजा, तुम्हाला सवय आहे."

"बाई, आम्ही सगळ्यांनाच असं विचारतो. पद्धत आहे."

"अपमान करायची?"

"चिडतो का ते बघायची."

"मग चिडला?"

"नाही."

"लिहिलंत तसं? चिडला नाही म्हणून?"

आल्सिडनं टोपी सारखी केली. मुलगी त्याच्या मिशीकडे टक लावून बघत होती, अजिबात न लाजता.

"एकोणीस तास कळा देत होते मी," शॅरॉन्डा म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं. चढवला असता तर त्याला पाठ फिरवता आली असती. "नर्स एक आणि बायका अकरा. ती म्हणाली, कळ सुरू झाली की कुणीतरी वेळ लिहून ठेवा. तर हा बसला, वही घेऊन. प्रत्येक कळ. कधी सुरू, कधी बंद. मी म्हटलं जा रे, काहीतरी खाऊन ये, तर म्हणे माझ्या पाठीमागे एखादी येऊन गेली तर? नर्सनं ती वही वाचली आणि धावत डॉक्टरला घेऊन आली. त्या वहीमुळे ही आहे." तिनं मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "मघाशी पळायच्या आधी मला म्हणतो, त्या साहेबांना उगाच बोललो मी, वाईट वाटलं त्यांना. माझा काही राग नाही म्हणे. त्याला नसेल. मला आहे."

"असू दे," आल्सिड म्हणाला, आणि स्वतःच्याच शब्दांनी दचकला.

"किती आलं त्याला?"

"ते आम्ही सांगत नाही."

"का?"

"पद्धत नाही."

"हीसुद्धा पद्धतच," ती म्हणाली. तिनं त्याच्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं आणि भावाकडे निघून गेली.

पिकेटला त्यांनी भिंतीजवळच्या टेबलावर पालथा घातला होता, मांडीवर बर्फाची पिशवी बांधलेली, आणि तो हनुवटी हातांवर टेकून या एकवीस पाठींकडे बघत होता, पाठीवरून आकडा वाचता येतो का ते शोधत असल्यासारखा. अजूनही आल्सिडला तो आवडला नाही. हे त्यानं मुद्दाम तपासून बघितलं, जीभ दुखऱ्या दाताला लावून बघावी तसं. नाही आवडला. ती सावकाश बोलायची ढब, ते सर. पण आवडण्या-नावडण्याला मघापर्यंत जो एक कणा होता तो आता हाताला लागत नव्हता.

एक मात्र सोपं होतं. चार-चौऱ्याहत्तर सांगायचं. माझं घड्याळ, माझा अंगठा, मी घोळक्याचा आकडा लिहीत नाही. सगळं खरं, एकही शब्द खोटा नाही, कबुलीच्या खोलीत पाद्र्यासमोर गुडघे टेकून म्हटलं तरी पाप निघणार नाही यातून. सव्वीस वर्षं सांभाळलेला नेम असा भिंतीसारखा उभा होता आणि त्याच्या सावलीत ते दुसरं आरामात बसलं होतं, असू दे म्हणणारं. किती वर्षं बसलं असेल? आजच आलं की... त्या लबकच्या जाड्याला काय दिलं होतं मी? का आठवत नाही? मला तर आकडे पाठ होतात.

आणि चार-साठ सांगायचं तर ते त्याचं नव्हतं. त्यानं ते पाहिलंच नव्हतं. तो पोरगा खरं जे धावला ते त्याच्याकडे नव्हतंच.

विचारायला हवं होतं. त्याला वेंडेल दिसला, पलीकडच्या क्लबचा, वीस वर्षांच्या ओळखीचा, बडबड्या, ज्याला तो मनातल्या मनात मेंढरांचा म्होरक्या म्हणत आलेला; हातात घड्याळ, त्यावरचा आकडा अजून पुसलेला नाही. चार पावलं. आल्सिड ती चालला. पाय जड नव्हते, उलट चमत्कारिक हलके होते, जिना संपल्यावर आणखी एक पायरी आहे असं समजून टाकलेल्या पावलासारखे.

तो आला तशी घोळक्यातली कुजबुज थांबली. वेंडेलनं बाजूला सरकून त्याला वाट करून दिली, नम्रपणे, दाराकडे जाणाऱ्या माणसाला देतात तशी. त्यांना वाटलं तो बाहेर चाललाय. कुणाच्या मनातही आलं नाही की तो काही विचारायला आला असेल. आणि तिथे, त्या करून दिलेल्या वाटेच्या मधोमध, आल्सिडच्या लक्षात आलं की सव्वीस वर्षांत त्यानं कुणाला विचारलं नव्हतं हे खरं, पण यांच्यापैकी कुणी त्यालाही कधी विचारलं नव्हतं. तुला काय आलं? कधीच नाही. तो त्याला मान समजत आला होता.

आज एकीनं विचारलं होतं. तिला तो पद्धत नाही म्हणाला होता.

"मिस्टर आल्सिड," प्रुइट मागून आला, बोट त्या रिकाम्या चौकोनावर धरून, "काय लिहू?"

"थांब," आल्सिड म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्याला कळलं नाही, कारण वेंडेलही थांबला होता, वाट देण्यासाठी उचललेला हात तसाच ठेवून, आणि त्याच्याकडे बघत होता.