कपाटांनी धरलेली गाडी

सुताराला गाडी बनवायला सांगू नये, आणि सांगितलीच तर परत मागू नये, असं धाकटी कुणालाही सांगायची. तेव्हा ती हसून सांगायची. गाडीचं काम सुरू होऊन आता तीन वर्षं झाली.

धाकटी म्हणजे सुताराची बायको. वयाची साठी जवळ आली तरी धाकटीच, कारण वर एक थोरली होती आणि ती हयात होती. जन्मभर पडदे शिवून शिवून धाकटीच्या मणक्यांनी संप पुकारला होता. वीस मिनिटं बसलं की एकविसाव्या मिनिटाला आडवं व्हावंच लागे. थोरली राहायची समुद्रकाठच्या शहरात, दोन दिवसांच्या रस्त्यावर. तिचं हृदय थकलेलं. ती पलंगावरून खिडकीपर्यंत जायची आणि तेवढ्यानं धापा टाकायची. बहिणी-बहिणींची भेट होऊन नऊ वर्षं झाली होती. फोनमध्ये तोंड दिसतं, पण हात लागत नाही. आगगाडी मध्ये दोनदा बदलायची आणि बाकावर तासन् तास बसून राहायचं. रुग्णवाहिकावाले म्हणाले, नुसत्या भेटीला आम्ही येत नाही, आजारी पडा मग बघू. आडवं होता येईल अशी भाड्याची गाडी परवडणारी नव्हती.

तेव्हा सुतारानं पार्सलची एक जुनी गाडी आणली. म्हणाला, "तुला झोपवून नेतो. चाकांवरचं घर करतो."

चार महिन्यांत गाडी चालायला लागली असती. इंजिन ठणठणीत होतं. मागे एक गादी टाकली असती, बादली ठेवली असती, की झालं. धाकटी तसं म्हणालीही होती.

"गादी? जमिनीवर?" सुतारानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याला चोरीचा माल आणायला सांगितला होता. "माझी बायको जमिनीवर लोळत जाणार?"

धाकटीला ते ऐकून बरं वाटलं होतं, हे ती आता कुणाला सांगत नाही.

मग पलंग झाला. पलंगाखाली कप्पे झाले. कप्प्यांना शोभेल असं कपाट झालं, आणि समोरची भिंत उघडी दिसायला लागली म्हणून तिथेही कपाट झालं. सगळं जुन्या दारांच्या जड लाकडाचं, खाचेत खाच बसवून, सरस लावून केलेलं. खिळा नाही, स्क्रू नाही. "खिळा मारतो तो सुतार नव्हे, तो लोहार," असं त्याचं म्हणणं. मधेच धाकटीनंही शिलाईच्या यंत्रासाठी एक फळी मागितली. प्रवासात शिवणार काय होती, देव जाणे.

इकडे रोज चार वाजता दोघी बहिणींचा फोन. थोरली तिकडून नकाशा धरायची, धाकटी इकडून. कुठे थांबायचं, कुठल्या पुलापाशी सावली आहे, गाडी थोरलीच्या खिडकीखाली कशी लावायची.

"समुद्राच्या बाजूला लावू नकोस," थोरली म्हणायची. "मीठ लागून गंजेल."

"ताई, अगं, समुद्र बघायलाच तर येतेय."

"समुद्रात काय बघायचंय? रोज तोच असतो. मला बघ. मी रोज जरा कमी होतेय."

मग दोघी हसायच्या. साडेचारला फोन ठेवायच्या आणि उरलेलं ठरवायचं उद्यावर ठेवायच्या. खरं सांगायचं तर जाण्यापेक्षा हे ठरवणंच धाकटीच्या अंगवळणी पडलं होतं. सुतारानं आणखी एक महिना मागितला की ती फारशी कुरकुरत नसे.

या महिन्यात थोरलीच्या मुलाचा फोन आला. "मावशी, डॉक्टर म्हणतात, यायचं असेल तर या पंधरवड्यात या."

दुसऱ्याच दिवशी सुतार गाडी तपासणीला घेऊन गेला. धाकटीही गेली, मागच्या पलंगावर आडवी होऊन. पलंग इतका सुरेख झाला होता, की खड्डे लागतच नव्हते. गाडी वजनकाट्यावर उभी राहिली. तपासनीस बाई काचेमागून बाहेर आल्या, मागचं दार उघडून आत डोकावल्या, आणि त्यांनी कपाटाच्या एका सांध्यावरून बोट फिरवलं.

"हे तुम्ही केलंत?" त्यांनी सुताराला विचारलं.

"हो."

"माझ्या घरी असं कपाट नाही." त्यांनी कागदावर आकडा लिहिला. "चारशे किलो जास्त भरतंय, काका. उतरवा आणि परत आणा. तोवर कागद इथेच राहतील."

"जरा सांभाळून घ्या ना," धाकटी पलंगावरून म्हणाली. "बहिणीला भेटायला चाललोय."

"उतारावर ब्रेक लागले नाहीत तर काय सांभाळू, मावशी?" बाईंचा आवाज मऊ होता, म्हणून जास्त लागला.

येताना सुतारानं गाडी अगदी हळू हाकली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच, पण हे त्याला सांगायची वेळ नव्हती. अंगणात गाडी लागल्यावर धाकटी म्हणाली, "करवत आणा. पलंग राहू द्या, बाकी कापून टाका. दोन दिवसांत होईल."

तो चाकाशेजारी उभा राहिला.

"अहो, मी बोलतेय. सांध्यांवर दया करू नका. कापा."

"कापता येत नाही."

"तुमचा जीव होत नाही म्हणा."

"जीव गेला खड्ड्यात," तो म्हणाला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी असा बोलला नव्हता. "आतल्या लोखंडी पट्ट्या मी काढल्यात. छताला धरणाऱ्या. कपाटं भिंतीला सपाट बसत नव्हती."

धाकटीनं वर पत्र्याकडे पाहिलं. "मग छताला कशानं धरलंय?"

"कपाटांनी."

लोखंडावर त्याचा कधी विश्वास नव्हता. लाकडावर होता, आणि लाकडानं तो राखलाही होता. छत केसभरही हललं नव्हतं. आता ती कपाटं काढली की पत्रा खाली येणार. ठेवली की गाडी रस्त्यावर येणार नाही. नव्या पट्ट्या घालायच्या तर सगळं सोलून काढायचं, लोहार शोधायचा, तीन महिने. तो हे सगळं गाडीला सांगत होता, बायकोला नाही. मग तो पायरीवर बसला आणि अंगठ्यानं तळहातावरचा वाळलेला सरस खरवडत राहिला. त्याला रागवावं तर राग कुठे ठेवायचा, हे धाकटीला कळेना. फळी तिनंही मागितली होती.

चार वाजले.

"कुठवर आलं?" थोरलीचा आवाज आता विहिरीच्या तळाशी गेलेल्या पाण्यासारखा येत होता.

खोटं बोलणं सोपं होतं. निघालो म्हणायचं, पहिल्या पुलापाशी आहोत म्हणायचं. पंधरवडा असाच गेला असता. पण थोरलीशी ती लहानपणी कधी खोटं बोलू शकली नव्हती. थोरली नुसती थांबायची, आणि धाकटी कबूल करायची.

"ताई, मी येत नाहीये."

"पाठ?"

"नाही. गाडी." आणि तिनं सगळं सांगितलं. वजन, पट्ट्या, कपाटं.

थोरली हसली. हसता हसता खोकली, आणि मुलानं तिला पाणी पाजल्याचं ऐकू आलं. "त्याला सांग, माझी तक्रार नाही," ती म्हणाली. "असा नवरा कुणाला मिळतो? मला तर टेबल हलतं म्हटलं तरी ऐकू न येणारा मिळाला." मग ती थांबली. नकाशाचा कागद चुरगळल्याचा आवाज आला. "मग उद्या चार वाजता काय बोलायचं गं आपण?"



दुसऱ्या दिवशी त्या औषधांबद्दल बोलल्या. चार मिनिटांत औषधं संपली. मग थोरली म्हणाली, "इकडे वारा आहे," आणि धाकटी म्हणाली, "इकडे नाही." तिसऱ्या दिवशी फोन मुलानं उचलला.

"मावशी, आई जागी आहे. पण म्हणते, आज नको."

"बरं नाही का?"

"तसंच आहे." तो अडखळला. "तिनं भिंतीकडे तोंड केलंय. खिडकी बंद कर म्हणाली."

धाकटीनं फोन छातीवर ठेवला आणि छताकडे पाहत पडून राहिली. खरं बोलून तिनं थोरलीला काय दिलं होतं? वाट बघायला काहीतरी होतं, तेवढं काढून घेतलं. साडेचारपर्यंत ती हलली नाही, कारण ती वेळ दुसऱ्या कशाचीच नव्हती.

सुतार दारात येऊन उभा राहिला. हातात करवत नव्हती, काहीच नव्हतं. गेले दोन दिवस तो अंगणाकडे फिरकलाच नव्हता.

"काय म्हणाल्या ताई?"

"विचारत होती तुमच्याबद्दल," धाकटी म्हणाली. "पलंग छान झालाय म्हणाली."

तो मान खाली घालून तिथेच उभा राहिला, आणि तिनं कूस बदलली.