अकरा मोटरी

गल्लीत चौदा घरं होती. त्यातली दोन कुलूपबंद सोडली, तर बाराही घरांत पाण्याची मनापासून काळजी करणारी माणसं राहत होती. पहिल्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी तर फाटकावर आपल्या वळणदार अक्षरात पाटीच लावली होती : 'या घरात पाणी जपून वापरले जाते.' पाटीवर धूळ बसू नये म्हणून ती रोज सकाळी पाइपाने धुतली जायची.

मोटर मिस्त्रीला हे पक्कं ठाऊक होतं, कारण तो पाइप जोडून देणारा तोच होता.

पाणी साडेसहाला यायचं आणि सव्वासातला जायचं. एकच लाइन, पहिल्या घरापासून चौदाव्यापर्यंत. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी मिस्त्रीला घरी बोलावलं होतं, तेव्हा परीक्षेचा पेपर फुटल्यासारखा आवाज खाली आणून ते म्हणाले होते, "लाइनीला थेट मोटर लावणं नियमात बसत नाही, मला कल्पना आहे. पण अर्ध्या हॉर्सपॉवरची म्हणजे काय हो, खेळणंच. फक्त बिनआवाजाची बघा."

मिस्त्रीने ते खेळणं न्हाणीघरात, मळक्या कपड्यांच्या टोपलीमागे बसवून दिलं.

पंधरा दिवसांत दुसऱ्या घरातली दातांची डॉक्टरीण त्याच्याकडे आली. तिच्या दवाखान्यात भिंतभर जंगलाचं चित्र होतं आणि घरासमोर परदेशी हिरवळ. "अहो मिस्त्री, हिरवळीलाही जीव असतो," ती कळवळून म्हणाली. त्या जिवासाठी एक हॉर्सपॉवर लागली. मग तिसरं घर, मग चौथं. कुणी म्हणायचं, "मी एकट्याने लावली तर असा काय फरक पडणार आहे?" कुणी म्हणायचं, "सगळ्यांनीच लावल्यात, मग मीच काय घोडं मारलंय?" मिस्त्री नट आवळता आवळता दोघांनाही मान डोलवायचा. अकराव्या घरापर्यंत मोटरी झाल्या. पाचवं घर त्याचं स्वतःचं. तिथे त्याने दीड हॉर्सपॉवरची बसवली होती, नवीन मॉडेल कसं चालतं ते तपासायला. तपासणी अजून चालू होती.

बाराव्या-तेराव्या घरांना कुलूप होतं. चौदाव्यात मिस्त्रीची थोरली बहीण एकटी राहायची, शिवणकाम करून. तिच्या नळाला पूर्वी पाणी यायचं, मग धार आली, मग थेंब. "आता नुसते सुस्कारे येतात बघ," ती मिस्त्रीला म्हणायची. रोज सकाळी दोन बादल्या घेऊन ती दोन गल्ल्या पलीकडच्या सार्वजनिक नळावर जायची.

"लाइन जुनी झालीय ग ताई," मिस्त्री सांगायचा. "पाइपात गाळ साचलाय." हे सांगताना तो तिच्या शिलाई मशीनकडे बघायचा. मशीनचं तेलपाणी मात्र तो न चुकता करून द्यायचा.

शेवटी एका रविवारी मुख्याध्यापकांच्या दिवाणखान्यात गल्लीची पाणी बचत समिती बसली. ताई उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "माझ्याकडे पाणी येत नाही. कुठे जातं, तेवढं सांगा."

सगळ्यांनी एका सुरात च्-च्-च् केलं. मुख्याध्यापकांचा चेहरा गंभीर झाला. "गल्लीत कुणीतरी मोटर लावली आहे, असा मला दाट संशय आहे."

"काय माणसं असतात एकेक!" डॉक्टरीण म्हणाली.

"शोधून काढायलाच हवं," चौथ्या घरातले वकील म्हणाले. त्यांची मोटर जिन्याखाली होती.

शोधणार कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. मिस्त्रींसारखा जाणकार आणि सचोटीचा माणूस गल्लीत असताना बाहेरचा कशाला? टाळ्या पडल्या. मिस्त्रीला पाणी मागावंसं वाटलं, पण त्या बैठकीत ते बरं दिसलं नसतं.

तपासणीला त्याने तीन दिवस घेतले. प्रत्येक घरात त्याला चहा मिळाला. प्रत्येक घरात त्याने एक ठरावीक कोपरा सोडून बाकी सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. वकिलांनी तर जिन्यावरच बसून विचारलं, "शेजारी काही सापडलं का?"

"नाही."

"सापडणार कसं? लबाड आहेत लोक. बेमालूम लपवतात."

आपल्या कामाची एवढी तारीफ मिस्त्रीने आजवर ऐकली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता तो अंगणातल्या आरशासमोर दाढी करत होता. मोटर चालू होती. गच्चीवरची टाकी कधीच भरली होती, आणि जास्तीचं पाणी मागच्या भिंतीवरून धो-धो अंगणात पडत होतं. ते रोजच पडायचं. टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा बॉल कॉक तो लोकांच्या टाक्यांना लावून द्यायचा. स्वतःच्या टाकीला लावायला त्याला सवड झाली नव्हती.

"कोण सापडलं रे?" म्हणत ताई फाटकातून आत आली. हातात रिकाम्या बादल्या. सार्वजनिक नळाकडे निघाली होती.

मग तिला ती धार दिसली. ती पुढे झाली आणि एक बादली धारेखाली धरली. भरली. दुसरी धरली. तीही भरली. तोवर तिची नजर पाइपावरून खाली उतरत, गोणपाट टाकलेल्या त्या गुणगुणणाऱ्या वस्तूपर्यंत पोचली होती.

"बराच गाळ निघाला की पाइपातला," ताई म्हणाली.

मिस्त्रीच्या अर्ध्या चेहऱ्यावर फेस होता. "ताई, ते... टेस्टिंगसाठी..."

"आणि बाकीच्यांकडे?"

त्याने वस्तरा खाली ठेवला. मग म्हणाला, "मीच बसवल्या. दहाही."

"मग मलाही दे की बसवून. चांगली तीन हॉर्सपॉवरची. आईने आपल्याला वाटून खायला शिकवलं होतं. ओढून घ्यायला तू बाहेर शिकलास, तर मीही शिकते."

मिस्त्री बादली उचलायला पुढे झाला. तिने बादली बाजूला घेतली. "राहू दे. पाणी सांडेल," म्हणत ती दोन्ही बादल्या घेऊन निघाली.

अर्धी दाढी तशीच ठेवून तो मोटरीकडे गेला. मग त्याने बटण बंद केलं, पाना आणला आणि आपली मोटर उखडायला बसला.

"आधी बाकीच्या दहांच्या काढा!" बायको दारातून म्हणाली. "आपणच कशाला शहाणपणा करायचा?"

"मी तरी गल्लीभर मोटरी लावत सुटण्यात काय शहाणपणा केला?" तो म्हणाला. बायकोने घरातल्या बादल्या आपटत अंगणातल्या खालच्या नळाखाली नेल्या. त्या आठवड्यात ती त्याच्याशी कामापुरतं बोलली.

रविवारी त्याने समितीपुढे अहवाल ठेवला. "अकरा मोटरी. अकराही मीच बसवल्या. माझी काढली. तुमच्या फुकट काढून देतो, सांगा कधी येऊ."

सगळ्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मग मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. "म्हणजे या सगळ्याच्या मुळाशी तुम्ही आहात तर!"

सगळ्यांच्या जिवात जीव आला. गुन्हेगार सापडला होता.

"आम्हाला यातलं काय कळतं?" डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही बसवून दिलीत, आम्ही बटण दाबलं."

मिस्त्रीच्या निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्याला समितीतून काढलं. मोटरी काढण्याचा विषय मात्र नाजूक असल्याने तो अभ्यासासाठी उपसमितीकडे गेला. सोमवारी मुख्याध्यापकांकडे दुसऱ्या भागातला एक मिस्त्री आला आणि अर्ध्याच्या जागी एक हॉर्सपॉवरची मोटर बसवून गेला. पाचव्या घराने सोडलेलं पाणी असं वाया जाणं त्यांना बघवेना.

तरीही थोडंफार त्यांच्याही तावडीतून निसटलं. बुधवारी मिस्त्री ताईकडे गेला तेव्हा नळाखाली दीड बादली पाणी भरलं होतं. तो दोनदा वाकून बघून आला.

"दीड बादलीवर छाती फुगवू नकोस," ताई मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "तीही दोन वर्षं माझीच होती."

तेवढ्यात अकराव्या घरातली निवृत्त नर्स दारात आली. ताईकडे तिचं पोलकं शिवायला टाकलेलं होतं. तिने बादलीकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं, आणि पोलक्याच्या गळ्याबद्दल बरंच बोलून झाल्यावर म्हणाली, "माझीही काढून टाका. पण शुक्रवारी या. तोवर पाहुणे आहेत."

शुक्रवारी पाणी यायच्या आधीच मिस्त्री पाना घेऊन गेला. "आलात होय? मला वाटलं विसराल," नर्स म्हणाली, आणि हे कौतुक होतं की तक्रार, ते त्याला कळलं नाही. मोटर काढून झाल्यावर तो ताईकडे गेला. अडीच बादल्या. ताईने त्याच्यासाठी चहा टाकला, स्वतःच्या नळाच्या पाण्याचा, आणि दोघं मशीनशेजारी बसून प्यायले. जुनं कुणी काही काढलं नाही.

चहा झाल्यावर मिस्त्री उठला, आणि सवयीने नळ पुरता सोडून कप विसळू लागला. ताई आली, तिने नळ बंद केला आणि त्याच्या हातात फडकं दिलं.