‘न्हाई’ असंच म्हणायचं

गंगाखेडच्या ‘रंगमळा’ संस्थेत मुलं शाळा सुटल्यावर नाटक शिकायला येत. सत्यशीला अकरा वर्षांची असताना अशीच आली होती, बौद्ध वस्तीतून. चार वर्षांत तिच्या वाट्याला झाड, पाऊस आणि बाजारातली गर्दी एवढंच आलं. संवाद मागितला की उत्तर ठरलेलं, “उच्चार सुधार, मग बघू.” पुढं ती नाट्यशास्त्र शिकली आणि गेल्या वर्षी त्याच संस्थेत शिक्षिका होऊन परतली.

संस्था चालवायचे भगवानराव, निवृत्त मुख्याध्यापक. मुलांवर जीव टाकणारा माणूस. परभणीच्या नाट्यस्पर्धेसाठी त्यांनी गोदाकाठच्या एका गावाचं नाटक लिहिलं होतं आणि त्यातल्या निवेदिकेसाठी निवड चालू होती. शिवकन्येची पाळी आली. गावाबाहेरच्या धनगरवस्तीतली, सहावीतली पोर. आवाज खणखणीत. पण “नदीला पाणी नाही” हे वाक्य तिच्या तोंडून “नदीला पानी न्हाई” असं आलं आणि मुलं फिदीफिदी हसली. भगवानरावांनी तिच्या नावापुढं लिहिलं : समूह.

मुलं गेल्यावर सत्यशीलानं कपाट उघडून बारा वर्षांच्या नाटकांच्या कार्यक्रमपत्रिका टेबलावर मांडल्या.

“सर, आपल्याकडं बौद्ध वस्ती आणि धनगरवस्ती, दोन्ही वस्त्यांतली पोरं कायम येतात. यातल्या एकाला तरी बोलायचं काम मिळालंय का, बघा.”

भगवानरावांनी चष्मा लावून एकेक पत्रिका पाहिली. मग ते दुखावल्यासारखे म्हणाले, “मी आजवर कुणाची जात विचारली नाही, सत्यशीला.”

“विचारली नाही, सर. उच्चार विचारले.”

ते उठून गेले. दोन दिवस आलेच नाहीत. आपण जास्त बोललो का, या विचारानं सत्यशीलाचा कशातच जीव लागेना. पण बोललो ते खरं होतं, हेही तिला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी भगवानराव आले आणि तिच्यासमोर बसले.

“बारा वर्षं माझ्या लक्षात आलं नाही,” ते म्हणाले. “आता निवड कशी करायची, तू सांग.”

निवड पुन्हा झाली. कागद कुणाच्याच हातात दिला नाही. प्रत्येकानं आपल्या घरातली गोष्ट आपल्या घरच्या बोलीत सांगायची. निवडायला दोन्ही वस्त्यांतून एकेक जाणतं माणूसही बसलं.

शिवकन्येनं गोदावरीला अचानक पाणी वाढल्याची गोष्ट सांगितली. मेंढरं बेटावर अडकलेली, बाप पलीकडच्या काठाला. “मंग म्याच हाळी दिली,” ती म्हणाली, आणि तिनं ती हाळी खरोखरच दिली. बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली. “म्होरकी मेंढी पान्यात उतरली, मागं समदी उतरली. एकबी गेली न्हाई.” या वेळी कुणी हसलं नाही. भगवानरावांनी स्वतःच ‘समूह’ खोडून ‘निवेदिका’ लिहिलं.

आठवड्यानं एक पालक तणतणत आले. “असल्या बोलीनं आमच्या पोरांची भाषा बिघडल!”

“नाटक गोदाकाठचं आहे,” भगवानराव म्हणाले. “इथली माणसं असंच बोलतात. तुमचे वडीलही असंच बोलायचे, मी ऐकलंय.”

त्या पालकांनी मुलाला काढून नेलंच. तालीम मात्र थांबली नाही. शिवकन्या कधी अडखळून “नाही” म्हणाली, तर बाकीची मुलंच ओरडायची, “न्हाई म्हण, न्हाई!”

स्पर्धेच्या दिवशी शिवकन्येची आई भागुबाई परभणीच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेत अंग चोरून बसली होती. सत्यशीला तिला पुढं न्यायला गेली.

“आमी हितंच बरं हाव, बाई.”

“तुमची लेक नाटक सांगायलीय, मावशी. तुमी पुढंच बसायचं.”

पडदा उघडला. शिवकन्या एकटी पुढं आली आणि म्हणाली, “ह्या सालाला नदीला पानी न्हाई.” तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. बाजूच्या अंधारात उभी सत्यशीला दोन पावलं पुढं सरकली. एवढी मोठी झाली तरी आपलं बोलणं असं रंगमंचावरून तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

नाटक दुसरं आलं. अभिनयाचं पहिलं बक्षीस शिवकन्येला मिळालं. नाव पुकारलं तेव्हा भागुबाई उभी राहिली आणि शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली, “ती माझी हाय.” टाळ्या थांबल्या तरी ती बसली नाही.

पुढच्या बैठकीत भगवानरावांनी निवडीची नवी रीत संस्थेच्या नियमांत लिहून घेतली आणि निवडीचं काम सत्यशीलाकडं सोपवलं. जूनमध्ये नवे प्रवेश सुरू झाले. पहिल्याच दिवशी भागुबाई वस्तीतल्या पाच पोरी घेऊन दारात हजर. ती त्यांना ताठ मानेनं सांगत होती, “भ्यायचं न्हाई. हितं आपल्या पोरींना लय बोलू देतेत.”