आबांच्या नावाचं बाकडं

राजशेखरचा बाप मेला आणि ट्रॅकवर त्याच्या नावाचं बाकडं झालं, यावरून श्रीमंतच्या फार दिवस पोटात दुखत होतं.

लातूरकडे जाणारी छोटी लाइन बंद पडून जमाना झाला होता. रूळ उचलून नेले, उरला नुसता भराव आणि त्यावर वेड्या बाभळी. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, बाभळी निघाल्या, मुरूम पडला आणि चालायला, सायकली मारायला गुळगुळीत तांबडा रस्ता झाला. आता सकाळी शहरातली माणसं पांढरे बूट घालून येतात, आणि गावातल्या बायाही "ट्रॅकवर जाऊन येते" म्हणत घराबाहेर पडतात. बसायला बाकडी हवीत, म्हणून गावच्या समितीनं ठरवलं की ज्याला आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं बाकडं द्यायचं असेल त्यानं द्यावं. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा कुणाच्या तरी स्मरणार्थ लिहिलेलं असतं, तेव्हा बाकड्यांना काय तोटा!

पहिलं बाकडं राजशेखरनं दिलं. बियाण्यांच्या दुकानाचा मालक राजशेखर हा श्रीमंतच्याच वर्गातला. शाळेत त्याचा नंबर वर, पुढे त्याचं घर आधी स्लॅबचं, त्याची पोरगी आधी डॉक्टर. श्रीमंतनं हे सगळं कसंबसं गिळलं होतं. पण बाकडं रोज डोळ्यांसमोर यायचं. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे कै.ऐवजी लिं. लिहिलेलं, 'लिं. सिद्धरामप्पा यांच्या स्मरणार्थ'. येणारा-जाणारा वाचायचा, टेकायचा. "सिद्धरामप्पाच्या बाकड्यापाशी भेटू," असं लोक बोलायला लागले. जन्मभर ज्यानं कुणाला बस म्हटलं नाही, त्याच्या मांडीवर सगळा गाव बसला म्हणायचा. श्रीमंतच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्याची अडचण अशी होती की त्याचे वडील, आबा, जिवंत होते. दात गेले होते, पण भाकरी दुधात कुस्करून दोन्ही वेळा खात होते.

हिवाळ्यात आबांना न्यूमोनिया झाला. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं मान हलवली. बाहेरच्या बाकावर बसून श्रीमंत खरंच रडला. आणि डोळे पुसता पुसता त्याला जुन्या फलाटावरच्या लिंबाखालची जागा आठवली. तेवढीच एक सावलीची जागा उरली होती आणि दूध डेअरीच्या हरिओमचा तिच्यावर डोळा होता. परतताना त्यानं सिमेंटचे खांब बनवणाऱ्या प्रीतमला गाठून बाकडं करायला सांगितलं. राजशेखरच्या बाकड्यापेक्षा हातभर लांब. 'कै. आदिनाथराव यांच्या स्मरणार्थ', आणि खाली, जरा ठळक अक्षरात, 'श्रीमंत आदिनाथराव'. निरोप आल्याशिवाय हलवायचं नाही, असंही बजावलं.

आठवड्यानं आबा बरे होऊन घरी आले. श्रीमंतच्या बायकोनं, सिंधुनं, ओवाळलं. श्रीमंतला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. मग त्याला बाकडं आठवलं, आणि त्या आनंदाला कुठेतरी कुसळ लागलं. असं वाटल्याची लाजही वाटली, पण कुसळ निघालं नाही.

उन्हाळ्यात प्रीतमला खांबांचं मोठं काम लागलं, आवारात जागा उरली नाही. निरोपाची वाट बघून कंटाळलेल्या प्रीतमनं बाकडं टेम्पोत घातलं आणि सरळ घरी पाठवून दिलं. श्रीमंत शेतात होता. सिंधु माहेरी गेली होती. घरी एकटे आबा.

श्रीमंत परतला तेव्हा अंगणात बाकडं होतं आणि बाकड्यावर आबा. आबांना वाचता येत होतं.

"राजशेखरच्या बाकड्यापरास लांब हाय का रं?" आबांनी विचारलं.

"हाय. हातभर."

"मग हितं काय करून राहिलंय? न्हे की टरॅकवर."

ते नाव, त्याच्याआधीचं ते 'कै.', असं काहीतरी श्रीमंत पुटपुटला. आबांनी ऐकून घेतलं.

"नाव माझंच हाय. मेल्यावर मला काय दिसनार, कोन बसतंय अन् कोनाचं तोंड पडतंय? आत्ताच बसतो." मग धोतराचा सोगा सारखा करत त्यांनी हळूच विचारलं, "दवाखान्यात होतो तवाच सांगितलंस का हे?"

खोटं बोलता आलं असतं. पण श्रीमंत "व्हय" म्हणाला. आबा काठी टेकत घरात गेले, आणि त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

समितीनं नियमावर बोट ठेवलं. आबांनी निरोप धाडला की नियम मी लवकरच पाळीन, तोवर सांभाळून घ्या. सगळे हसले आणि बाकडं लिंबाखाली बसलं.

आबा रोज सकाळी काठी टेकत तिथे जाऊन बसू लागले. चालणारे कै. वाचायचे, आबांकडे बघायचे, दचकायचे आणि मग त्यांच्याशी गप्पा मारायला थांबायचे. सिद्धरामप्पाचं बाकडं ओस पडलं. श्रीमंतला जे हवं होतं ते नाकावर टिच्चून मिळालं होतं. तरी तो आबांचा चहा थर्मासमधून आणायचा, ठेवायचा आणि काम आहे म्हणून निघायचा. अंगणातल्या त्या प्रश्नानंतर त्याला त्यांच्या शेजारी बसवत नव्हतं.

एके दिवशी तो चहा घेऊन आला तर तिथे राजशेखर उभा होता. बाकड्यावरचं वाचून तो हसला नाही. "आबा, बसू का?" म्हणाला आणि बसला.

"बापासंगं असं कधी बसलोच न्हाई बगा," तो म्हणत होता. "दुकानातनं उठायला जमलं न्हाई. आता बाकडं हाय, पर तिथं कोन हाय?"

आबांनी काठी बाजूला ठेवली आणि ते त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागले, लहान पोराच्या फिरवावा तसा, सावकाश.

श्रीमंत थर्मास धरून उभा राहिला. बाकडं हातभर जास्तच लांब होतं, तिसऱ्याला जागा होती, आणि कुणी नको म्हटलं नव्हतं. पण त्याचे पाय पुढे होईनात. तो फक्त राजशेखरच्या पाठीवरचा तो हात बघत राहिला. नंबर, स्लॅब, डॉक्टर पोरगी, कशाचाही त्याला कधी इतका हेवा वाटला नव्हता.