शेजारच्या सीटवरचा आरोपी

"मला कायद्यात पकडायचं असेल ना, तर कायद्यालाच आधी माझ्याकडे शिकवणी लावावी लागेल!" असं म्हणून ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी ग्लास तोंडाला लावला, तो रिकामा आहे हे त्यांच्या जरा उशिरानं लक्षात आलं, आणि त्यांनी तो मेव्हण्यापुढे धरला.

मेव्हण्याला बँकेत बढती मिळाली होती. त्या आनंदात त्यानं ताईला आणि भावोजींना दुपारी जेवायला बोलावलं होतं. बढती मेव्हण्याला, पण चढली भावोजींना. उन्हं कलायला लागली तोवर मास्तरांची अवस्था अशी झाली होती, की ते सोफ्यावरून उठायला गेले की सोफाही त्यांच्यासोबत निघतोय असं त्यांना वाटायचं.

"भावोजी, गाडी राहू द्या इथंच," मेव्हणा म्हणाला. "टॅक्सी बोलावतो. तुमचं लायसन्स गेलं म्हणजे स्कूलला कुलूप. शिकवणारं दुसरं आहे कोण तिथं?"

"अरे, पण गाडी चालवतंय कोण? मी? छे! चालवणार तुझी ताई. तिच्याकडे शिकाऊ लायसन्स आहे आणि पोटात लिंबू सरबत आहे. कायदा काय म्हणतो? प्यायलेल्यानं गाडी चालवू नये. मी तर शेजारी बसणार, हाताची घडी घालून. बसव बघू मला कुठल्या कलमात!"

"अहो, पुस्तकात लिहिलंय," बायको म्हणाली. तिची परीक्षा तोंडावर आली होती, त्यामुळे नियमांचं पुस्तक तिला पाठ होतं. "शिकाऊ माणसाच्या शेजारी बसणारा शुद्धीवर हवा."

"ते पुस्तक तुला शिकवलं कोणी?"

"तुम्ही."

"मग?"

बायकोनं चपला घातल्या.

मास्तरांच्या गाडीची गोष्ट वेगळी होती. शिकवण्याच्या गाडीला असतो तसा तिच्या शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक आणि एक क्लच होता. विद्यार्थी बिचारा स्टिअरिंगला लोंबकळायचा, गाडी चालायची मास्तरांच्या पायावर. पायाला इतकी सवय झाली होती, की तो झोपेतही ब्रेक शोधायचा. पलंगाच्या पायथ्याच्या फळीला त्यानं चांगला खळगा पाडला होता.

तर गाडी निघाली. बायको छान चालवत होती. इंडिकेटर देत होती, आरशात बघत होती, सायकलवाल्यांना वाट देत होती. मास्तरांची हाताची घडी पहिल्याच वळणावर सुटली.

"दुसरा टाक. दुसरा! अगं, तो गिअर आहे, लोणी घुसळायची रवी नव्हे!"

"अहो, दुसराच आहे."

"मग तिसरा टाक. नवऱ्याचं ऐकायचं म्हणून नको, मास्तरांचं म्हणून तरी ऐक."

पुढच्या चौकात पोलिसांनी अडथळे लावून गाड्या तपासायला घेतल्या होत्या. एका हवालदारानं हात दाखवला. बायकोनं तो लांबूनच पाहिला, पाय उचलला आणि गाडी हळूहळू बाजूला घ्यायला लागली. सगळं पुस्तकाबरहुकूम. पण मास्तरांना त्या वेळी दोन हवालदार दिसत होते, आणि दुसरा गाडीच्या फारच जवळ होता. त्यांनी दोन्ही पाय खाली आपटले. गाडीनं किंकाळी फोडली आणि जागच्या जागी गप्प झाली. डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली उडून काचेवर आपटली. हवालदार दचकून फुटपाथवर चढला.

मास्तरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "घाबरू नका साहेब! वाचलात! तुमच्या जोडीदाराला सांगा, रस्त्यात असं उभं राहू नये."

हवालदारानं मागे वळून पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. मग त्यानं मास्तरांकडे पाहिलं, आणि मग वास घेतला.

"बाई, ब्रेक तुम्ही मारलात?"

"नाही हो. मी थांबवतच होते."

"तिला काय विचारता?" मास्तर म्हणाले. "ब्रेक मी मारला! इतका वेळेवर ब्रेक अख्ख्या शहरात दुसऱ्या कोणाला मारता येत असेल तर दाखवा."

"वा," हवालदार म्हणाला आणि त्यानं खिशातून श्वास तपासायचं मशीन काढलं. "फुंका."

"मी? मी ड्रायव्हर नाही! स्टिअरिंगला बोटसुद्धा लावलेलं नाही!"

"बाईंकडे शिकाऊ लायसन्स आहे. त्यांना एकटीनं गाडी चालवता येत नाही. शेजारी शिकवणारा हवा, तो शुद्धीवर हवा, आणि त्याच्या पायाखाली ब्रेक असेल तर गाडी त्याच्याही ताब्यात. आता फुंका."

"असं वाकडं धरतात होय मशीन? सरळ धरा. हां. आता मला सांगा, मोठा श्वास घेऊन एकदम, की सावकाश?"

मास्तरांनी शिकवल्यासारखं व्यवस्थित फुंकलं. मशीन बराच वेळ वाजत राहिलं.

आता शेजारी शुद्धीतलं कोणीच नसल्यामुळे बायकोलाही गाडी पुढे नेता येईना. शेवटी हवालदारच स्टिअरिंगवर बसला आणि तिघं पोलीस ठाण्याकडे निघाली. मास्तरांना मागे बसवलं होतं. तिथं पायाखाली पेडल नव्हतं, त्यामुळे सगळा जोर तोंडात आला.

"क्लच सोडा, क्लच! अर्धवट काय दाबून ठेवलाय? प्लेट जळेल! लायसन्स कोणी दिलं हो तुम्हाला?"

"तुम्हीच," हवालदार म्हणाला. "तुमच्याकडेच शिकलो मी."



खटला उभा राहिला तेव्हा मेव्हण्यानं एक चलाख वकील शोधून आणला. वकिलानं मास्तरांना कोर्टाच्या व्हरांड्यात एका कोपऱ्यात घेतलं. "हे बघा मास्तर, आपला मुद्दा एकच. तुम्ही प्रवासी होता. गाडी बाईंनी चालवली, गाडी बाईंनी थांबवली. दुसरी पेडलं नुसती लटकलेली होती. तुमचं लायसन्स वाचवायचं असेल, तर आत गेल्यावर तोंड उघडायचं नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं? मी काय लहान आहे?"

बायकोनं वकिलाकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

आत वकिलानं कमाल केली. आपला अशील म्हणजे गाडीत ठेवलेली भाजीची पिशवी, इतका निरुपद्रवी, असं त्यानं जवळजवळ पटवून दिलं. न्यायाधीश बाई मान डोलवत होत्या. मग चष्मा पुसता पुसता त्यांनी सहज विचारलं, "पण गाडी एवढी कचकन थांबली कशी?"

"थांबली, मॅडम," वकील म्हणाला. "गाड्या थांबतात. इंजिन बंद पडलं असेल, आपोआप थांबली असेल..."

"आपोआप?" मास्तर उभे राहिले.

वकिलानं त्यांचा कोट खेचला. कोट खाली आला, मास्तर आले नाहीत.

"आपोआप गाडी थांबत नसते, मॅडम! हेच तर मी पहिल्या दिवशी शिकवतो. ब्रेक आणि क्लच एकदम दाबावे लागतात. नुसता ब्रेक दाबला तर इंजिन बंद पडतं, नुसता क्लच दाबला तर गाडी वाहवत जाते. हे असं!" आणि त्यांनी बाकाखालच्या फळीवर दोन्ही पाय आपटून दाखवले. कोर्टातला कारकून खुर्चीतून उडाला.

"म्हणजे गाडी तुम्ही थांबवलीत?"

"मग कोण थांबवणार? ती?"

"मग गाडी तुमच्या ताब्यात होती म्हणायची."

"शंभर टक्के! माझ्या गाडीत माझा ताबा नाही, असं एकदा तरी झालंय का, विचारा कोणाला पण!"

वकील खाली बसला आणि पुढच्या खटल्याचे कागद चाळायला लागला. मागच्या बाकावर मेव्हण्यानं कपाळाला हात लावला. बायको मात्र खालमानेनं हसत होती. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलायचे थांबेनात.

न्यायाधीश बाईंनी दंड ठोठावला. सहा महिने लायसन्स बंद. ते परत मिळवायचं तर सुरक्षित वाहनचालनाचा वर्ग पुरा करून, ड्रायव्हिंगची परीक्षा अगदी नव्यानं द्यायची.

"परीक्षा? मी?" मास्तर म्हणाले. "अहो, परीक्षा द्यायला मी माणसं पाठवतो!"

"या वेळी स्वतः जा," बाई म्हणाल्या.

स्कूलला कुलूप लागलं. मास्तरांनी वर्ग पुरा केला, म्हणजे पहिल्या दिवशी सवयीनं सरळ फळ्यापाशी जाऊन खडू उचलला, तिथून त्यांना बाकावर आणून बसवण्यात आलं, आणि मग पुरा केला. बायको तेवढ्यात पहिल्याच झटक्यात परीक्षा पास झाली. मास्तर थेंबाला शिवले नाहीत. मेव्हण्याला पुन्हा बढती मिळाली, तेव्हाही त्यांनी लिंबू सरबतच मागितलं आणि मेव्हण्यानं गुपचूप देवाचे आभार मानले.

परीक्षेच्या दिवशी मास्तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले. गाडी त्यांचीच होती. स्टिअरिंगवर मास्तर, शेजारच्या सीटवर परीक्षक. बायको मैदानाच्या कडेला उभी होती. लायसन्स मिळालं तर उद्याच कुलूप काढायचं, म्हणून किल्ली पर्समध्ये घालून आली होती.

मास्तरांनी गाडी झकास काढली. वळणं घेतली, उलटी घेतली, दोन खांबांमध्ये लोण्यात सुरी फिरवावी तशी लावली. परीक्षकसुद्धा म्हणाला, "वा!" आता फक्त सरळ जाऊन पांढऱ्या रेषेवर थांबायचं होतं. रेषा जवळ यायला लागली. मास्तरांनी उभ्या आयुष्यात ब्रेक मारला होता तो शेजारच्या सीटवरून. ती रेषा दिसताच त्यांनी स्टिअरिंग सोडलं, दाराची कडी घट्ट धरली आणि परीक्षकावर ओरडले, "ब्रेक! ब्रेक मार, गाढवा!"

परीक्षकानं घाबरून ब्रेक मारला. गाडी बरोब्बर रेषेवर थांबली.

नियम असा आहे, की परीक्षकाला ब्रेक मारावा लागला तर उमेदवार नापास. घरी जाताना गाडी बायकोनं चालवली. मास्तर मागे बसून "डावीकडे घे, डावीकडे!" असं ओरडत होते, आणि या वेळी तिनं मास्तरांचं म्हणून ऐकलं. मैदानाच्या फाटकातून बाहेर पडताना गाडीचा डावा आरसा खांबाला लागून तुटला.